फांदी बांधून उतरणारा मास्तर

मास्तर डोंगरावरून खाली यायच्या आधी त्याची धूळ खाली यायची. धुळीच्या मागून आवाज. आणि मग तो स्वतः, सायकलवर, गुडघे आखडून, डोळे वटारून. सायकलच्या कॅरियरला दोर आणि दोराच्या टोकाला बाभळीची माणसाएवढी फांदी. उतार लागायच्या आधी तो खिंडीत थांबून ती तोडायचा आणि मागं बांधायचा. फांदी जमिनीला घासत यायची आणि सायकलला मागं ओढून धरायची. सायकलला ब्रेक होते, अगदी चांगले होते. पण त्याचा ब्रेकवर भरवसा नव्हता.

आवाज कसला, तर दुसरा कोणी असता तर उतारावर देवाचं नाव घेतलं असतं. हा ओरडायचा, "भ्यालो! भ्यालो रं, भ्यालो!" खिंडीपासून पायथ्यापर्यंत एवढंच. खाली शेतात तण भांगलणाऱ्या बायका कंबर सरळ करून हसायच्या. "आला गं भ्यालेला. हो बाजूला, न्हाईतर अंगावर पडंल."

खाली आला की दोर सोडायचा आणि फांदी ओढत नेऊन माझ्या बायकोच्या चुलीपुढं टाकायचा. घासून घासून तिचे काटे गेलेले असायचे.

"घे पोरी, जळाण. काटं डोंगरानं काढल्यात."

हे सगळं सांगायचं काम खरं तर बायकोचं होतं. ती रंगवून सांगायची, मी मान हलवायचो. चार महिने झाले, ती गेली. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, मला लिहायची सवय नाही. पण तिच्या तेराव्याला एक गोष्ट झाली, त्यामुळं लिहिणं भाग पडलं. ती शेवटी सांगतो.

आम्ही म्हसवडकडचे. बाप मेंढरं राखायचा. दुष्काळात चारा संपला, मेंढरं गेली, विहिरींचे तळ दिसायला लागले. माझं नवं लग्न झालेलं. बायकोला घेऊन मी निघालो आणि कुंडलच्या डोंगराच्या अलीकडं एका बागायतदाराच्या मळ्यात गडी म्हणून राहिलो. चार एकर द्राक्षं होती. त्या वेळी द्राक्षबाग म्हणजे नवलाई. सगळीकडं ऊस आणि मधेच हा तारांचा मांडव, लोक उभं राहून बघायचे. मळ्याच्या कोपऱ्यात आम्हाला एक खोली दिली होती. ती मालकाच्या शब्दावर. शब्द फिरला असता तर परत जायचं कुठं? मागं गावात प्यायला पाणी नव्हतं.

म्हणून मी भ्यायचो. मालकाच्या चपलांचा आवाज आला की उगाच हातात खुरपं घ्यायचो. आभाळ भरून आलं की जेवण जायचं नाही, कारण ढगाळ हवेत वेलावर केवडा पडतो. पान पिवळं होतं, खालून पांढरी बुरशी धरते आणि आठ दिवसांत बाग बसते. पण मी भ्यायचो ते लपवून. बायकोपुढं तर छाती काढून चालायचो. एकवीस-बावीसचं वय. त्या वयात माणूस गाढव असतो.

मास्तर शाळेतला नव्हे. छाटणी शिकवायचा म्हणून मास्तर. आधी पलटणीत होता, तिथं सायकलवर डाक न्यायचा म्हणे. पेन्शनीत आल्यावर कुठूनतरी द्राक्षाची छाटणी शिकला आणि कृष्णेच्या आणि येरळेच्या खोऱ्यात ह्या बागेतून त्या बागेत फिरायला लागला. चैत्रात एक छाटणी, दसऱ्याच्या पुढं दुसरी. खाकी हाफ पँट, पायात पलटणीतले बूट, कमरेला कात्री. बायको-पोरं होती का, मी कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

डांबरी सडकेनं तो कधी गेला नाही. एष्टी लांबून दिसली तरी सायकलवरून उतरून झाडामागं जाऊन उभा राहायचा. "लय मोठी आसती ती, आनि तिला मी दिसत न्हाई," म्हणायचा. म्हणून त्याची वाट सरळ डोंगरावरून, बांधावरून, ओढ्यातून. येरळेच्या वाळूत चाक रुतलं की सायकल खांद्यावर टाकायचा आणि चालायचा. बागेतनं जाताना तर मांडवाखालून सायकल काढायचा, हँडलवर छाती टेकून, मान वाकडी करून. एका ओळीत शिरला की दुसऱ्या टोकाला बाहेर. वेलाचं पान हलायचं नाही. मी बघत राहायचो. हा माणूस एष्टीला भितो आणि डोंगरावरून सायकल घालतो, ह्याचा मेळ मला लागायचा नाही.

छाटताना काडी आधी बोटानं चाचपायचा, डोळे मोजायचा. काडीवर जिथून फूट निघते त्याला आम्ही डोळा म्हणतो. मग काडीला सांगायचा, "जरा लागंल हां," आणि कापायचा. प्रत्येक काडीला. चार एकरांत किती काड्या असतील? एकदा मालक मागं उभे राहून म्हणाले, "मास्तर, दोन डोळे जास्त ठेवा की. जरा माल वाढेल." मास्तरनं कात्री त्यांच्या हातात दिली. "घ्या. तुमी कापा. म्या बसतो मालक हून." आणि खरंच जाऊन खाटेवर बसला, पायावर पाय टाकून. मालक हसले आणि कात्री परत देऊन गेले. मी असतो तर त्या दिवशी माझी ट्रंक बाहेर पडली असती.

पहिल्या वर्षी त्यानं मला पलीकडच्या बागा दाखवायला नेलं. मालकाची जुनी सायकल मला दिली होती. चढ आम्ही ढकलत चढलो. खिंडीतून पलीकडं पाहिलं आणि मी उभ्या सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून धरले. पाऊलवाट धोंड्याधोंड्यांतून खाली गेलेली, एका अंगाला घळ. खूप लांब उसाच्या हिरव्यात कृष्णा चकाकत होती. मास्तर फांदी तोडायला लागला. मी सायकलपाशी खाली बसलो आणि साखळीशी चाळा करत राहिलो.

"काय झालं?"

"साखळी पडली. तुमी व्हा पुढं, मी चालत येतो."

तो आला, वाकून बघितलं. "साखळी जागच्या जागी हाय, गड्या. तू भ्यालास."

"भ्यालो न्हाई."

"मग तर तू सायकलवर बसूच नगंस." आणि मला कळेना हा चेष्टा करतो का खरं बोलतो. "मी लय भितो. म्हनून फांदी बांधतो. न भ्यालेली दोन मानसं ह्या घळीतनं काढल्यात म्या."

मग त्यानं मला फांदी कशी बघायची ते दाखवलं. दुबेळकं असलेली, म्हणजे दोन फाटे फुटलेली घ्यायची. बुंध्याकडून बांधायची, म्हणजे काटे मागं राहून जमीन धरतात. जड झाली तर सायकल आडवी होते, हलकी झाली तर उपयोग नाही. आणि दोर कॅरियरलाच, कमरेला कधी नाही. मी सगळं ऐकून घेतलं आणि चालत उतरलो. पुढची दोन वर्षं दर वेळी चालतच उतरलो. दर वेळी माझी साखळी पडायची.

आता त्या दिवसाचं.

दिवाळी होऊन गेलेली. छाटणीनंतरची पालवी चांगली वीतभर झाली होती, बारीक घड दिसायला लागले होते. सकाळी उठलो तर आभाळ भरलेलं. मालक सांगलीला गेले होते, दुपारच्या एष्टीनं येणार. जाताना म्हणाले होते, "ढग आले तर फवारा मार. माझी वाट बघू नको."

फवारा म्हणजे मोरचूद आणि चुना. दोन्ही वेगवेगळं पाण्यात कालवायचं आणि मग एकत्र करायचं. चुना कमी पडला तर मोरचूद पान जाळतो. ते ओळखायची खूण मास्तरनं शिकवली होती. लोखंड बुडवून धरायचं. काळंच राहिलं तर मारायचं. तांब्यागत लाल झालं तर चुना वाढवायचा. "लोखंडाला इचारल्याबिगर पंप पाठीवर घ्यायचा न्हाई," असं तो दर वेळी बजावून जायचा.

मी मिश्रण केलं आणि विळा मागितला. विळा जागेवर नव्हता. बायको चुलीपुढं कांदा चिरत होती. तिच्या हातात सुरी, इस्टीलची. लग्नात मामानं दिलेली, तिच्या भांड्यांतली तेवढीच एक वस्तू चकचकीत. म्हणाली, "थांबा, इळा वैरणीत राहिला आसंल. आनते शोधून."

आभाळ गडगडलं. मी म्हटलं, "आन ती सुरी."

"आवं, ही इस्टीलची हाय. हिला काय कळतंय?"

"इस्टील म्हंजे लोखंडच की. उलट भारी लोखंड."

"मास्तरनी इळा सांगितलाय. आलेच मी," म्हणून ती उठली. मी तिच्या हातातली सुरी ओढून घेतली. ती वैरणीकडं पळाली. मी सुरी बुडवली, धरली, काढली. चकचकीत. पुसून बघितली, डाग नाही. सुरी तिथंच पिंपापाशी टाकून मी पितळी पंप भरला, पाठीवर घेतला आणि बागेत शिरलो.

वीस ओळी झाल्या. पंप परत भरायला आलो तर बायको पिंपापाशी उभी. हातात विळा. तिनं तो माझ्यापुढं धरला. पातं लालभडक, नवीन तांब्याच्या भांड्यासारखं.

"लाल झालं वं," ती हळू म्हणाली.

इस्टीलवर तांबं चढतच नाही, ते तेव्हा कळलं. चुन्याचं पोतं बघितलं. तोंड उघडं राहिलेलं, चुना हवा लागून मेलेला. दिसायला पांढरा, अंगात जोर नाही. वीस ओळी कोवळी पालवी, त्यावर घड, आणि त्यावर मी विष मारून आलेलो. समोर आमची खोली दिसत होती. दारात तिनं लावलेली तुळस. मला वाटलं, संध्याकाळी ही तुळस कोण नेणार, ट्रंक तर मी घेईन.

ती म्हणाली, "बसून काय हुतंय? मास्तर पल्याडच्या बागंत हाईत. त्यास्नी आना. ताजा चुना बी आना."

"सडकेनं वळसा घालून..."

"सडकेनं कवा पोचायचं? मालक येतील तवर. डोंगरानं जावा."

मी विळा घेतला, दोर घेतला, सायकल ढकलत डोंगर चढलो. खिंडीत पोचलो. खाली घळ होती, तिथंच होती, दोन वर्षांत बुजली नव्हती. साखळी पडायला कोणी बघणारं नव्हतं. मी बाभळ तोडली. काट्यांनी हात फाटले ते कळलं नाही. दोर बांधताना गाठ बसेना. तीनदा बांधला.

सायकलवर बसलो आणि वाट पायाखालून सरकली. फांदीनं मागून हिसका दिला, मग धरलं. पुढचं चाक धोंड्यावरून उडत होतं, दात एकावर एक आपटत होते. वळणावर फांदी घळीकडं गेली आणि तिच्याबरोबर मागचं चाक. मी खाली बघितलं. बघायला नको होतं. घळीच्या तळाला मेलेलं झाड होतं, त्याच्या फांद्या वर आलेल्या. एक क्षण मी हवेतच होतो असं मला आजही वाटतं. मग काट्यांनी जमीन धरली आणि सायकल वाटेवर आली. मास्तरसारखं ओरडावं असं आतून येत होतं. दात आवळून धरले. त्या डोंगरात एक माणूस नव्हतं, तरी ओरडलो नाही.

पायथ्याला पडलो. गुडघे सोलले, पण पोचलो. मास्तर मांडवाखाली घडांची विरळणी बघत होता. माझ्याकडं बघितलं, मग सायकलकडं.

"बाभळच हाय नव्हं? लिंबाची बांधली न्हाईस?"

मी रडायला लागलो. एका दमात सगळं सांगितलं. सुरीचंही सांगितलं, फक्त ती कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली ते नाही.

त्यानं त्या बागेतला ताजा चुना पोत्यात घातला आणि आम्ही परत चढलो. आमच्या बाजूच्या उतारावर तो पुढं, मी मागं, दोघांच्या दोन फांद्या. तो ओरडत होता, "भ्यालो! भ्यालो रं!" मी गप्प.

खाली आलो तर बागेत कोणीतरी चालत होतं. बायको. पाठीवर पितळी पंप, लुगडं कासोट्यापर्यंत भिजलेलं, तोंडावरून पाणी. ती ओळीओळीनं साधं पाणी मारत होती. विहिरीचं पाणी शेंदून, पंप धुऊन, भरून, एकटीनं. अठरावी ओळ संपत आली होती.

मास्तर थांबला. "हे तुला कुनी सांगितलं गं?"

"कुनी न्हाई. डोळ्यांत तिखट गेलं तर पानीच मारतो की. पानाचं काय येगळं आसतंय?" ती धापा टाकत म्हणाली. "चुकलं का काय मास्तर?"

"न्हाई पोरी. मीबी हेच करनार हुतो." तिच्या पाठीवरचा पंप त्यानं काढून घेतला आणि उरलेल्या दोन ओळी स्वतः धुतल्या. मग चुन्याची निवळी करून सगळ्या वीस ओळींवर मारली.

ते आटपतंय तोवर मालक आले. पिंप बघितलं, माझ्या कमरेचा लाल विळा बघितला. त्यांना सांगावं लागलं नाही.

"कुणाचं काम हे?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि माझ्या तोंडातून आलं, "हिनं सुरी दिली, मालक. इस्टीलची. मी इळा मागितला हुता."

शब्द बाहेर पडले तेव्हाच मला ते दिसले, जमिनीवर पडल्यासारखे. बायकोनं वर बघितलं. फक्त एकदा. मग पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "व्हय. चुकलं माझं."

मालक तिला बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. भिजलेली, थंडीनं कुडकुडणारी, खाली मान घालून तिनं ऐकून घेतलं. शेवटी मालक म्हणाले, "पानं जळली तर ट्रंक उचलायची. परवापर्यंत कळेल."

मास्तर मधे आला. "चुना मेलेला हुता. पोत्याचं तोंड मागच्या खेपंला म्याच उघडं टाकलं. बोलायचं तर मला बोला. आनि बाग धुतली ती हिनं." मालक पाय आपटत गेले.

पोतं मास्तरनं उघडं टाकलं नव्हतं. तेही मीच.

तो जायला निघाला तेव्हा मी सायकल धरायला गेलो. मास्तरनं माझ्या हातातून हँडल काढून घेतलं.

"पिंपापाशी सुरी पडली हुती. दांड्याला कांदा लागल्याला," तो म्हणाला. "चुलीपुढनं उठून, हातातला कांदा टाकून ती सुरी द्यायला आली व्हय? आनि मग इळा कुनी शोधला?"

मी वाकून त्याच्या सायकलच्या साखळीशी चाळा करायला लागलो.

"भ्यालास त्याचं काय न्हाई, गड्या. भ्यावंच मानसानं. पर फांदी बाभळीची बांधायची आसती." तो टांग टाकून बसला. "तू बायकू बांधलीस."

ते दोन दिवस कसे गेले सांगता येत नाही. पहाटे उठून मी पानं उलटीपालटी करून बघायचो. कुठं तपकिरी डाग दिसला की तिथंच बसायचो. ती मागून यायची आणि म्हणायची, "कड तेवढी जळलीया. आत हिरवं हाय." तिसऱ्या दिवशी मालक सगळ्या ओळी फिरले आणि काही न बोलता घरी गेले. ट्रंक जागेवर राहिली. त्या खोलीत आमची दोन्ही पोरं झाली. पुढं अर्धा एकर स्वतःचा झाला, त्यावर मांडव झाला.

मास्तर नंतरही यायचा. फांदी तिच्याच चुलीपुढं टाकायचा. माझ्याशी कामापुरतं बोलायचा, वाईट नाही, पण "गड्या" म्हणणं बंद झालं. एका वर्षी छाटणीचे दिवस आले आणि डोंगरावरून धूळ उतरली नाही. कोणी म्हणालं आजारी आहे, कोणी म्हणालं गेला. मी चौकशीला गेलो नाही. तिनं चारदा सांगितलं, "जाऊन या वं, बघून या." मी आज जातो, उद्या जातो म्हणत राहिलो. भेटला असता तर काय बोललो असतो?

आणि ही गोष्ट तिनं जन्मभर सांगितली. पाहुण्यांना, सुनेला, नातवंडांना. तिच्या तोंडी ती गमतीची झाली होती. "मी येडी! ह्यांनी इळा मागितला आन् म्या कांद्याची सुरी दिली नव्हं का! आनि ह्ये बिचारं डोंगरावरनं सायकल घालून गेलं." सगळे हसायचे. मी वाट बघायचो, आज एकटे असताना ती म्हणेल, की खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. ती कधी म्हणाली नाही. पन्नास वर्षांत एकदाही नाही. आणि मीही नाही.

तेराव्याला पाहुणे जेवले आणि मुलीनं तीच गोष्ट काढली. रडत रडत हसत सांगितली, अगदी आईच्या आवाजात. "आई म्हणायची, मी येडी, मीच दिली सुरी." जावई माझ्याकडं वळले. "खरं का हो मामा? मामींनी सुरी दिली?" चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. मला मालकाच्या चपला वाजल्यासारख्या वाटल्या. मी मान हलवली. व्हय.

म्हणून हे लिहिलंय. मुलीनं वाचावं, जावयांनी वाचावं, त्या दिवशी जेवून गेलेल्या सगळ्यांनी वाचावं. ती विळा शोधायला गेली होती. सुरी मी ओढून घेतली.

भ्यालो होतो.